मागितलं तेवढं दिलं

मुदाळ तिट्ट्याच्या पुढं एका गावात माझ्या दोस्ताचं घर आहे. दोस्त जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. २०२३ चा एप्रिल. ऊस तुटून गेला होता, बिद्रीच्या कारखान्याचं बिल खात्यावर जमा झालं होतं, आणि नेमका त्याच आठवड्यात वहिनींचा निरोप आला. 'गोठ्यातली जीप काढायची हाय. साठ हजार म्हणतोय. परक्यानं नेण्यापेक्षा भाऊजींनी नेली तर बरं.'

जीप माझ्या चांगल्या ओळखीची. महिंद्राची एमएम ५४०, १९८९ सालचं पासिंग. आत फ्रान्सच्या प्यूजो बनावटीचं डिझेल इंजिन आणि चारी चाकं ओढणारी, आमच्याकडं म्हणतात तसं 'फोर व्हील गिअर'. दोस्तानं तिच्यात दुधाची कॅनं वाहिली, बाजाराच्या दिवशी वडाप केलं, लग्नाची वऱ्हाडं नेली. २०१९ च्या ऑगस्टात महापुरानं कोल्हापूर वेढलं, पुणे-बंगळूर हमरस्ता शिरोलीजवळ बंद पडला, आमच्या दूधगंगेनंही मळीची रानं गिळली. त्या आठवड्यात ह्यानं वरच्या अंगाच्या चिखलातनं एक अवघडलेली बाई गारगोटीला पोचती केली. त्याच वर्षी गाडीच्या पासिंगची मुदत संपली. पुढं तो आजारी पडला आणि गाडी गोठ्यात गेली ती बाहेर आली नाही.

खोटं कशाला बोलू, निरोप ऐकून मला रात्री झोप आली नाही.

आमच्या लहानपणी चिटबॉय सायकलवरनं यायचा आणि शेती अधिकारी जीपमधनं. जीप पाणंदीला वळली की आम्ही पोरं मागनं पळायचो, तिचा धूर नाकात ओढून घ्यायला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन लष्करासाठी निघालेली ही विलीज जीप महिंद्रांनी १९४७ पासून मुंबईत जुळवायला घेतली, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा एवढंच ठाऊक होतं की जीपमधनं उतरणाऱ्या माणसापुढं आमचा बाप टोपी सावरून उभा राहतो. पुढं त्याच जीपचं वडाप झालं, बायाबापड्या कोंबड्या घेऊन तिच्यात बसायला लागल्या, तरी माझ्या मनातली ती अधिकाऱ्याची जीप काही उतरली नाही. आता कोल्हापुरातल्या पोरांना थारचं वेड आहे. २०२० ला नवी थार निघाली आणि तिच्यामुळं जुन्या जीपांनाही भाव चढला. हा भाव चढल्याचा मुद्दा ध्यानात ठेवा, पुढं त्यावरच घोडं अडलं.

घरात मी गरज म्हणून विषय काढला. माळावरचं रान, पावसाळ्यातली पाणंद, खताची पोती, वैरण. थोरला पोरगा शांतपणे म्हणाला, 'आबा, ट्रॅक्टर काय झोपलाय व्हय? दुरुस्ती धरून दीड-दोन लाख जातील. तेवढ्यात दोन एकराला ठिबक बसतंय.' मी म्हटलं, तुझ्या आईचे गुडघे गेलेत, तिला माळावर न्यायला आणायला होईल. त्यावर मंडळी चुलीपुढनंच म्हणाल्या, 'अहो, माझ्या गुडघ्याच्या नावानं घेऊ नका. घ्यायची तर तुमच्या नावानं घ्या.'

लागलं ते. माणूस हौसेला हौस म्हणायला लाजतो, विशेषतः शेतकरी. आम्ही बैलाच्या शिंगाला शेंब्या लावतो तीसुद्धा बैलाला बरं वाटतं म्हणून लावतो. मग मी पोराला सरळ सांगितलं की मला जीप पाहिजे, कारण मला जीप पाहिजे. तो हसला. म्हणाला, 'मग मिस्त्रीला दाखवून घ्या.'

आमचा मिस्त्री उद्यमनगरात वाढलेला. कोल्हापूरच्या उद्यमनगराबद्दल बाहेरच्या वाचकाला सांगायला पाहिजे. तिथं म्हादबा मेस्त्रींचं नाव अजून आदरानं घेतात, आणि कंपनीनं बनवायचा बंद केलेला पार्टसुद्धा तिथं लेथवर घडवून मिळतो. त्यामुळं आमच्याकडं जुनी गाडी मरत नाही, फक्त खर्चात पाडते. मिस्त्री गोठ्यात आला, शेणाजवळ पोतं अंथरून गाडीखाली शिरला आणि पान्यानं चासी वाजवत गेला. माठ वाजवून घेतात तसं. गंजलेली चासी बद्द बोलते, ही खणखणीत बोलत होती. मग त्यानं एकेक बाहेर काढलं. पंप आणि नोझल कामाला, क्लच प्लेट संपलेली, किंगपिन ढिल्ले, मागचे पाटे बसलेले, वायरिंग उंदरांनी खाल्लेलं, बॅटरी-टायर-हूड नवं. पत्र्याचं आणि रंगाचं वेगळं. शिवाय पासिंग. मोटारीच्या नूतनीकरणाची फी २०२२ च्या एप्रिलपासून ६०० ची ५००० झाली होती, त्यावर उशिराचा दंड आणि पर्यावरण कर. सगळं मिळून त्यानं सव्वा लाख सांगितलं. गाडी साठची आणि दुरुस्ती तिच्या दुप्पट! पण माझं मन आधीच गाडीत बसलं होतं.

वहिनी चहा करायला आत गेल्या, तेव्हा मिस्त्री हात पुसत जवळ आला. 'तात्या, बोलू नगा कुठं. ही गाडी अशीच, हाय त्या स्थितीत, दीड-दोन लाखाला जाईल. चासी सुद्ध हाय, फोर व्हील जाग्यावर हाय, वरिजिनल हाय सगळी. पुण्या-मुंबईची हौशी पोरं असल्या गाड्या हुडकत फिरत्यात. साठ द्या आन् गपचिप न्या.'

चहा आला. वहिनींनी विचारलं, 'काय म्हणतोय मिस्त्री? मी काय गाडीतलं जाणतोय व्हय, भाऊजी. हे असते तर बोलले असते. जास्त वाटत असलं तर पाचेक हजार कमी द्या.'

मी म्हटलं, दोन दिवसांत सांगतो. आणि निघालो.

हे दोन दिवस मी माझ्याशीच वाद घालत होतो. माझी बाजू तशी कच्ची नव्हती. भाव त्यांनी सांगितला, मी पाडला नव्हता. गाडीत काही लपवलं नव्हतं. माहिती मिस्त्रीची, त्याच्या फेरीचे पैसे मी दिलेले. ज्यानं त्यानं चौकशी करून विकावं. घेणाऱ्यानंच विकणाऱ्याला 'तुम्ही कमी मागताय' म्हणायचं ठरलं, तर बाजार कसा चालायचा? बैलाच्या बाजारात रुमालाखाली बोटं दाबून सौदा होतो, तो कशासाठी? तिसऱ्याला कळू नये म्हणूनच ना?

ह्यातलं एकही वाक्य खोटं नाही. पण हीच वाक्यं मी दुसऱ्याच्या तोंडून ऐकली होती. गावात फोन नव्हते त्या काळात आम्ही टोमॅटोच्या पाट्या घेऊन कोल्हापूरच्या मार्केटात जायचो. मुंबईला काय दर फुटलाय हे व्यापाऱ्याला सकाळीच ठाऊक असायचं, आम्हाला नाही. आम्ही मिळंल त्या दरात देऊन यायचो आणि दोन दिवसांनी खरा दर कळला की त्याला शिव्या घालायचो. त्यानं तरी काय केलं होतं? तो गप बसला होता, एवढंच.

दुसरी रात्र बापाच्या बैलांत गेली. १९७२ च्या दुष्काळात आमच्या नदीकाठाला निदान हिरवं दिसत होतं, पण जत-आटपाडीकडची माणसं जनावरं घेऊन वैरणीच्या शोधात इकडं उतरली होती. त्यातल्या एकाकडनं बापानं खिलार बैलांची जोडी घेतली. चांगल्या सालात तिला हात लावायची आमची ऐपत नव्हती. मी तेव्हा बारा-तेरा वर्षांचा. त्या माणसानं बैलांच्या गळ्यातली दावी काढून घेतली, खांद्यावर टाकली आणि मागं न बघता गेला. बैल आमच्याकडं नऊ वर्षं राबले. बापानं त्यांना पोटच्या पोरासारखं जपलं. पण कुणी जोडीचं कौतुक केलं की बाप लगेच म्हणायचा, 'त्यानं मागितलं तेवढं दिलं. एक पैसा कमी केला न्हाई.'

त्याला कुणी विचारलेलं नसायचं. म्हातारपणी अंथरुणावर असताना एकदा असंच बैलांवरनं बोलणं निघालं, तेव्हाही त्यानं हेच सांगितलं. आणि त्या रात्री मी आढ्याकडं बघत वहिनींच्या गावातल्या लोकांना उत्तर जुळवत होतो: 'त्यांनी मागितलं तेवढं दिलं.' माझ्याच तोंडात बापाचं वाक्य आलेलं बघून मी उठून बसलो.

बापाला दोष देत नाही. त्याच्याजवळ जास्तीचा पैसा नव्हता आणि त्यानं घेतले नसते तर बैल कदाचित खाटकाकडं गेले असते. माझी गोष्ट निराळी. वहिनींना अडचण होती, पण त्याहून मोठं म्हणजे माझ्यावर विश्वास होता. परका माणूस आपल्याला फसवील म्हणूनच तर त्यांनी मला बोलावलं होतं. विकणारा एखादा जुन्या गाड्यांचा दलाल असता तर मी तोंड उघडलं असतं का? नसतं. मग माझा खरेपणा फक्त ओळखीच्यांपुरता का, असं कुणी विचारलं तर माझ्याजवळ आजही उत्तर नाही. दलालाला माझ्याइतकंच कळतं, एवढं म्हणता येईल. पण ते आपल्या सोयीचं आहे हेही मला दिसतं.

तिसऱ्या दिवशी गेलो आणि सांगितलं. मिस्त्रीनं काय भाव केलाय, कोण लोक घेतात, सगळं. वहिनींनी पदर सारखा केला, थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, 'बरं झालं सांगितलासा. पोराला फोन करतो.' आभार वगैरे काही नाही. मला, लाज वाटते सांगायला, थोडी अपेक्षा होती.

पोरगा चाकणला कंपनीत. त्यानं फोटो काढून मोबाईलवर टाकले आणि दीड-दोन नाही, तीन लाख लिहिले. फोन पुष्कळ आले. दोनदा पोरं गाडी बघायला आली, बॉनेटवर हात ठेवून फोटो काढून घेतले, कागद बघितले आणि 'कळवतो' म्हणून गेली. पोरगा खाली उतरेना. दिवाळी झाली. मार्चअखेर सोसायटीचं पीककर्ज भरायचं होतं, वेळेत भरलं नाही तर व्याजाची सवलत जाते. वहिनींनी दावणीची दुभती म्हैस विकली. आदल्या एप्रिलात मी साठ हजार दिले असते तर ती म्हैस राहिली असती.

हे मला मिस्त्रीनंच सांगितलं, तेही जरा कुचकं हसून. 'लई खरं बोलाय गेलासा तात्या. गाडी तुमाला न्हाई, पैसा तिला न्हाई, म्हस गेली.' पोरानं घरात ठिबक बसवून घेतलं. तो एक अक्षर बोलला नाही, पण ठिबकची नळी अंथरताना त्यानं शीळ घातली.

मी चुकलो का? खरं सांगून चुकलो असं वाटत नाही. पण खरं सांगितलं आणि पाठ फिरवली, तिथं काहीतरी राहिलं. दीड-दोन लाखाचा आकडा मी त्यांच्या हातात ठेवला, पण तो कुठं मिळतो, किती दिवस लागतात, कागद नसले तर काय होतं, ह्यातलं काही सांगितलं नाही. मलाही नीट ठाऊक नव्हतं. आणि मनाच्या कोपऱ्यात थोडी घुश्शीही होती, गाडी हातची गेल्याची. तो घुस्सा मी चांगुलपणाच्या घोंगडीखाली झाकून घरी आलो होतो.

ह्या जूनमध्ये पहिला पाऊस पडल्यावर तिकडं गेलो होतो. गाडी अजून गोठ्यातच. ड्रायव्हरच्या सीटवर कोंबडी रवणाला बसलेली. एका कोपऱ्यात छप्पर गळतंय आणि पाणी बरोबर मागच्या पत्र्यावर पडतंय. मी पोतं घडी करून तिथं टाकलं. वहिनी दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, 'भाऊजी, तुम्ही त्या दिवशी गप बसला असता तर?'

मला काही सुचलं नाही. मी म्हटलं, वहिनी, माझ्याच्यानं नव्वदपर्यंत होईल. त्याच्यावर न्हाई. ही बाजारातली किंमत न्हाई, माझी ताकद एवढी हाय म्हणून सांगतोय. तुमच्या पोराला नीट विचारा, घाई नको.

'विचारतो,' त्या म्हणाल्या. मग कोंबडीकडं बघून, 'पण पिल्लं निघूस्तवर थांबाय लागंल.'

घरी अजून सांगितलेलं नाही. मिस्त्रीला मंगळवारी सवड आहे, चासी पुन्हा एकदा वाजवून बघायची आहे.