ताटातलं आणि तिजोरीतलं

मालदीवमध्ये तिथल्या लोकांना दारू निषिद्ध आहे. पाहुण्यांच्या रिसॉर्ट बेटांवर मात्र ती उघड मिळते. अशाच एका बेटावर रेस्टॉरंटचा मॅनेजर निघाला आपल्या चिकोडीकडचा, जैन घरातला. त्यानं स्वतः उभं राहून आम्हाला सूर्यास्ताआधी बिनकांद्या-बटाट्याचं जेवण करून घातलं. मग हळूच म्हणाला, "काकू, इथलं मी खात नाही, पीत नाही, पण रोज वाढायला लावतो. आजी माझ्या पैशाला हात लावत नाही."

आपलं शास्त्र इथं सूट देत नाही. कृत, कारित, अनुमोदना: स्वतः केलं, करवलं किंवा केलेल्याला मान डोलावली, तिन्हींनी कर्मबंध होतो. आजीचं चुकलं असं कसं म्हणू?

पण मैत्रिणींनो, हाच हिशेब आपण घरी मांडतो का? निपाणी वाढली तंबाखूवर. १९८१ साली शेतकऱ्यांनी पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडलं ते याच पिकाच्या भावासाठी. आपल्यातही कित्येकांची शेती, वखार, मुलांची शिक्षणं त्यावरच झाली. विडी आपण ओढली नाही, एवढंच. ज्याचा दोष ताटात दिसतो त्याला आपण नावं ठेवतो. ज्याचा पोत्यांत भरून लांब जातो, त्याला पूजेत पहिला मान देतो.

तो पोरगा निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. पण त्याला ते टोचतं, आणि टोचणी असलेला माणूस कधीतरी वाट बदलतो. आजीनं पैसे नाकारावेत; पोराला मात्र जवळ घ्यावं.