‘लाईट’ची वहिवाट

परक्या शब्दांना मराठीच्या हद्दीत प्रवेश द्यावा की देऊ नये, याचा खल आपल्याकडे पूर्वी मोठ्या आवेशाने झाला. सावरकरांनी १९२४ ते १९३७ या रत्नागिरीतील स्थानबद्धतेच्या काळात भाषाशुद्धीचा पुरस्कार हिरिरीने केला, आणि एके काळी फारसी शब्दांची सढळ उधळण करणाऱ्या माधव जूलियनांनीच १९३८ साली ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहून त्या पक्षाला बळ दिले. मालवण तेव्हा त्याच रत्नागिरी जिल्ह्यात मोडत असे. या वादात शब्दाची चौकशी होई ती मुख्यत्वे तो आला कुठून एवढ्यापुरती. एकदा आत आल्यावर तो कोणकोणती कामे अंगावर घेतो आणि जमीन कसता कसता मालक होणाऱ्या कुळाप्रमाणे कब्जा कसा पक्का करतो, इकडे लक्ष कमीच गेले. मालवणच्या किनाऱ्यावर ‘लाईट’ या शब्दाने जी वहिवाट केली आहे ती पाहिली म्हणजे ही दुसरी चौकशी अधिक महत्त्वाची वाटू लागते.

‘वीज’ हा शब्द किनाऱ्यावरच्या माणसाला अपरिचित होता असे नाही. उलट तो फारच परिचित होता. मृगाच्या आगेमागे माडाच्या शेंड्यावर कोसळून उभे झाड जाळते ती वीज, आणि होडी दर्यात असताना क्षितिजावर लखलखली की नाखवा घाईने किनारा जवळ करतो तीही वीज. जिचे दर्शन होताच देवाचे नाव घ्यायचे, तिलाच भिंतीवरचे बटण दाबून घरात बोलवायचे, हे मनाला सहजी पटण्यासारखे नव्हते. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० साली स्थापन झाले, आणि पुढे यथावकाश गावोगाव खांब उभे राहिले, तेव्हा लोकांनी त्या शक्तीला तिच्या कुळावरून नव्हे, तर तिच्या पहिल्या कामावरून नाव दिले. कंदील आणि चिमणी यांची जागा घेणारी ती ‘लाईट’. पंखा, पंप, शीतकपाट ही मंडळी मागाहून आली, पण नाव तेच राहिले. म्हणून डोक्यावर सूर्य तळपत असताना ‘लाईट इली काय?’ असा प्रश्न विचारण्यात इथे कोणालाही विसंगती जाणवत नाही. पुण्यामुंबईचे काही लोक ‘लाईट गेले’ असे अनेकवचनी बोलतात, परंतु आमच्याकडे ती एकटी आहे, स्त्रीलिंगी आहे, आणि मर्जीप्रमाणे जाते-येते. १६ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ या किनाऱ्याजवळून गेले, खांब आडवे झाले, आणि पुष्कळ गावे काही दिवस अंधारात राहिली, तेव्हा नळाला पाणी नाही, फोन मुका, पेटीतल्या मासळीवरचा बर्फ वितळलेला, हे सारे दुःख दोनच शब्दांत सांगितले जाई: ‘लाईट नाय’.

या शब्दाचा खरा पराक्रम मात्र कागदपत्रांत आहे. महावितरणच्या कागदावर ‘वीज पुरवठा देयक’ असे छापलेले असते, आणि ग्रामपंचायतीपासून मामलेदार कचेरीपर्यंत सर्वत्र मागितले जाते ते ‘लाईट बिल’. कोकणातल्या घराची गोष्ट अशी की सातबाऱ्यावर भाऊबंदांच्या नावांची रांग असते, त्यांतले निम्मे मुंबईला आणि काही परलोकी. घर वर्षभर कुलूपबंद राहते, गणपतीला उघडते, आणि तरीही स्थिर आकाराचे बिल दरमहा कैलासवासी आजोबांच्या नावाने बिनचूक येत राहते. नाव बदलायचे म्हणजे सर्व हिस्सेदारांची संमती आली, आणि संमती म्हणजे जुन्या तक्रारींचे दफ्तर उघडणे आले. तेव्हा आजोबाच बरे, असा व्यवहारी निवाडा होतो. वीज-बिल हा मालकीचा पुरावा नव्हे हे कायदा जाणतो, आणि भाऊबंद जाणूनही मानीत नाहीत. ‘लाईट कोणाच्या नावार आसा?’ या प्रश्नात घराचा कर्ता कोण, खर्च कोण सोसतो आणि उद्या हक्क कोण सांगणार, हे तिन्ही प्रश्न सामावलेले असतात. पूर्वी कुटुंब विभक्त झाले की चूल वेगळी होई. आता मीटर वेगळा होतो, आणि वायरमन ओटीच्या भिंतीवर दुसरी पेटी ठोकू लागला की वाटणी झाल्याचे वाडीला कळते.

‘हलके’ या अर्थाचा लाईट मुंबईहून सुट्टीत येणाऱ्या पोरांनी आणला. ‘लाईट घे रे’, असे ती म्हाताऱ्या काकालाही सांगतात आणि काका ते मुळीच लाईट घेत नाही. इंग्रजीत हे दोन शब्द दिसायला एक असले तरी मुळात भिन्न आहेत: प्रकाशाचा लाईट संस्कृत ‘रुच्’ धातूच्या गोत्रातला, तर हलक्याचा लाईट ‘लघु’चा सख्खा नातलग, असे भाषाशास्त्र सांगते. शुद्धीचे अभिमानी ज्याला परका म्हणून वेशीवर अडवीत होते तो असा दूरचा भाऊबंदच निघावा, ही गंमत नोंदवून पुढे जाणे बरे.

कारण समुद्रावर या शब्दाला जे वळण लागले आहे त्यात गंमत नाही. किनाऱ्याला लाईटहाऊस नवे नाही. वेंगुर्ल्यासमोरच्या ज्या खडकाळ बेटांना जुन्या इंग्रजी नकाशांत ‘बर्न्ट आयलंड्स’, म्हणजे जळकी बेटे, म्हटले आहे तिथलाही दीप येणाऱ्याजाणाऱ्या गलबतांना एवढेच सांगतो की इथे खडक आहे, दूर राहा. गेल्या काही वर्षांत क्षितिजावर रात्री जो पांढरा झगमगाट दिसू लागला आहे तो याच्या नेमका उलट, जवळ या, असे सांगतो, आणि तोही माशांना. जनित्रावर चालणारे प्रखर एलईडी दिवे पाण्यावर किंवा पाण्यात सोडले की म्हाकूल, तारली, बांगडा त्या उजेडाभोवती गोळा होतो. मग पर्ससीन जाळ्याचा वेढा पडतो, तळाचा दोर खेचला जातो, आणि लहानमोठे सर्व एकदमच पिशवीत बंद होते. चांदण्यात दिव्याचा प्रभाव कमी पडतो, म्हणून हा उद्योग अंधाऱ्या पंधरवड्यात जोरात चालतो. हाच पंधरवडा जुन्या जाणत्यांचाही हक्काचा होता: काळोख्या रात्री मासळीचा थवा पाण्यातून सरकला की सूक्ष्म जीव चमकतात, आणि त्या फिकट चकाकीवरून थवा केवढा, कुठे चालला, याचा अंदाज बांधता येई. त्या विद्येला अंधार लागत असे. रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याची, गोष्ट तर आणखी वेगळी. ती मासळी किनाऱ्याजवळ येण्याची वाट पाहते, आणि बाहेरच अडवलेली मासळी किनाऱ्याजवळ येत नाही. घरात लाईट आली म्हणून ज्यांनी नारळ फोडला असेल त्यांचीच नातवंडे ‘लाईट बंद करा’ अशी मागणी घेऊन मत्स्यव्यवसाय खात्याच्या दारी उभी राहतात, यात मला विसंगती दिसत नाही.

हुकूम त्यांच्या बाजूने आहेत. राज्याने ५ फेब्रुवारी २०१६ रोजी पर्ससीन मासेमारीवर निर्बंध घातले, केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये एलईडी मासेमारी वर्ज्य ठरविली, आणि १९८१ चा सागरी मासेमारी अधिनियम २०२१ साली दुरुस्त करून दंड लाखांच्या घरात नेण्यात आला. बारा सागरी मैलांपर्यंतचा अंमल राज्याचा, त्यापलीकडचा केंद्राचा. नौका मात्र ही रेषा पाहून दिवे लावीत नाहीत, आणि एका अंमलदाराने दुसऱ्याकडे बोट दाखवायला ही रेषा फार सोयीची पडते. अमावास्येच्या आगेमागे गस्तीची नौका बाहेर काढा, एवढेच सरकारला सांगणे आहे. गुन्हेगार शोधावा लागणार नाही, तो मैलभरावरूनही दिसतो.