वाढीपलीकडचा खर्च

जरा निवांत बसा. डोळे मिटले नाहीत तरी चालेल.

मनासमोर काचेचं एक भांडं आणा. आत गढुळलेलं द्रव. तो गढूळपणा म्हणजेच जिवाणू. एका नळीतून ग्लुकोजचं पोषकद्रव थेंबाथेंबाने आत येतंय, दुसरीतून तेवढंच बाहेर जातंय. हा केमोस्टॅट. इथे जिवाणूंनी किती वेगाने वाढायचं हे तो थेंब ठरवतो.

आता थेंब संथ करा. आणखी संथ. वाढ मंदावणारच, पण ग्रॅमभर ग्लुकोजमागे मिळणारा जिवाणूंचा उतारा तरी तोच राहावा ना? राहत नाही. तोही घसरतो. मग मधलं ग्लुकोज गेलं कुठे? या प्रश्नापाशी थोडं रेंगाळा. उत्तराची घाई नाही.

एस. जॉन पर्ट यांनी 1965 साली त्याचा हिशेब मांडला. अन्नखर्चाचे दोन भाग: एक वाढीच्या वेगाबरोबर कमीजास्त होणारा, दुसरा निव्वळ निर्वाहाचा. वाढीच्या वेगानुसार खर्चाचा आलेख काढा. त्याची रेघ उलट्या दिशेने, शून्य वाढीकडे नेत जा. खर्च शून्यावर येत नाही. रेघ अक्षाला जरा वरच छेदते. ती उंची म्हणजे निर्वाहखर्च.

त्या उंचीत शिरा. एकच पेशी पाहा. तिच्या पटलातून प्रोटॉन सतत आत झिरपतायत. त्यांना पुन्हा बाहेर ढकलायचंय. पोटॅशियम आत धरून ठेवायचंय. बिघडलेली प्रथिनं मोडून नवी घडवायची, डीएनएची डागडुजी करायची. घर वाढवणं वेगळं आणि आहे ते गळू न देणं वेगळं. या सगळ्या खटाटोपातून पेशी तसूभरही वाढत नाही.

आता थोडी शंका घ्या. हा खर्च स्थिर धरणं गणिताला सोयीचं आहे, इतकंच. उपासमारीत पेशी तो खूप खाली आणते. दक्षिण पॅसिफिकच्या तळातला दहा कोटी वर्षांपूर्वीचा गाळ आठवा. तिथे अन्न जवळपास नाहीच. त्यातल्या सूक्ष्मजीवांना प्रयोगशाळेत खाऊ घातल्यावर ते पुन्हा वाढू लागले, असं 2020 साली प्रसिद्ध झालं. केमोस्टॅटमधल्या आकड्याने त्यांचा निर्वाह मोजला असता, तर ते कधीच संपायला हवे होते.

तेव्हा एखाद्या मॉडेलात निर्वाहखर्चाचा ठरीव आकडा दिसला, की तो वाढीच्या कोणत्या वेगाला मोजला होता, हे आधी विचारा.