गोळी त्यांची, पथ्य कुणाचं?

बीपीची गोळी सुरू झालेल्या माणसाला आपल्याकडे दोन गोष्टी हमखास ऐकाव्या लागतात. एक, "लागली ना गोळी? जरा चालायला जायचं होतं, खाण्यावर ताबा ठेवायचा होता." आणि दुसरी, पंगतीत पापड वाढताना, "घ्या हो, गोळी घेताय ना!" पहिलीत गोळी म्हणजे शिक्षा, दुसरीत परवाना. बोलणारे वेगळे असले तरी रक्तदाब म्हणजे माणसाच्या वागणुकीचं प्रगतिपुस्तक, हे दोघांनीही धरून चाललेलं असतं.

परवान्याची गोष्ट अगदीच खोटी नाही. फिनलंडमध्ये सार्वजनिक सेवेतल्या चाळीस हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या सवयींची नोंद कित्येक वर्षं ठेवली गेली. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात बीपीच्या किंवा कोलेस्टेरॉलच्या गोळ्या सुरू केलेल्यांचं वजन इतरांपेक्षा थोडं जास्त वाढलेलं आणि व्यायाम कमी झालेला दिसला. इथे "बघा, म्हटलं नव्हतं!" असं म्हणायचा मोह होतो. पण त्याच लोकांचं सिगारेट ओढणं आणि दारू पिणं कमी झालं होतं. म्हणजे गोळी मिळाली की माणूस सैलावतो, एवढ्यावर हे भागत नाही. एकाच माणसाला एक सवय सोडता येते, दुसरी जमत नाही. त्याला एकच शेरा कसा देणार?

मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो चीनमधल्या ६०० खेड्यांत झालेला प्रयोग. सुमारे २१,००० माणसं. कुणाला आधी पक्षाघात होऊन गेलेला, कुणी साठी उलटलेले आणि बीपी वाढलेले. बहुतेकजण गोळ्या घेतच होते. निम्म्या गावांत त्यांना नेहमीच्या मिठाऐवजी दुसरं मीठ दिलं, ज्यात चारातला एक भाग पोटॅशियम क्लोराइड होतं. जवळपास पाच वर्षांत या गावांमध्ये पक्षाघाताचं प्रमाण दुसऱ्या गावांपेक्षा १४ टक्क्यांनी कमी राहिलं. यात कुणाच्या मनोनिग्रहाची परीक्षा झाली नाही. लोक आपले पूर्वीसारखेच जेवत होते, फक्त बरणीतलं मीठ वेगळं होतं. (हे वाचून लगेच मीठ बदलू नका. मूत्रपिंडाचा त्रास असेल, किंवा टेल्मिसार्टनसारखी गोळी चालू असेल, तर रक्तातलं पोटॅशियम धोकादायक पातळीवर जाऊ शकतं. आधी डॉक्टरांना विचारा.)

मग प्रश्न पडतो, बरणी कुणाच्या हातात असते? "आमचे हे पथ्य पाळतात" असं आपण म्हणतो. पण दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा बहुतेक घरांत पाळते ती स्वयंपाक करणारी बाई. मीठ घालायच्या आधी वाटीभर आमटी बाजूला काढते, लोणच्याची बरणी वरच्या फळीवर ठेवते, "अळणी लागतंय" हे ऐकून घेते. रीडिंग १३०/८० आलं की श्रेय जातं "त्यांच्या" निश्चयाला. १६० आलं, तर नातेवाईक तिलाच विचारतात, "घरात लक्ष देत नाही का तुम्ही?"

या श्रेयाचा धोकाही आहे. आमच्या धंद्यात एकाच दिवशी दोन बदल चढवले आणि सिस्टिम सुधारली, तर कशामुळे सुधारली हे कुणी छातीठोकपणे सांगत नाही. इथे मात्र गोळी, चालणं आणि अळणी आमटी एकाच महिन्यात सुरू होतात आणि आकडा उतरला की गोळी बंद होते, कारण चालण्याचा अभिमान वाटतो, गोळीचा वाटत नाही. बीपी पुन्हा चढतं तेव्हा बरेचदा काहीच जाणवत नाही.

याचा अर्थ रुग्णावर काहीच जबाबदारी नाही असा नव्हे. रोज गोळी घेणं त्याचंच काम, फरसाणाच्या पुड्यात हात घालणारा हातही त्याचाच. पण त्या पुड्यात मीठ किती हे कारखान्यात ठरतं. फिनलंडने १९९० च्या दशकातच जास्त मिठाच्या पदार्थांवर तसा इशारा छापायला लावला. तिथल्या माणसाला निदान वाचून ठरवता येतं.

आणि स्वयंपाक करणाऱ्या त्या बाईंचं स्वतःचं बीपी? बऱ्याच घरांत त्यांचीही गोळी चालू असते, पण त्यांच्यासाठी आमटी कुणी बाजूला काढत नाही. काही घरांत तर ते कधी मोजलेलंच नसतं. नवऱ्यासोबत दवाखान्यात त्या दर महिन्याला शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या असतात. त्यांच्या दंडाला पट्टा बांधायला दोन मिनिटं लागतील.