सूर्यानेच दिलेली छत्री

रथसप्तमीला सूर्याला अर्घ्य द्यायचं आणि एरवी त्याच सूर्यापासून अंग राखायला तोंडाला सनस्क्रीन फासायचं, यात अनेकांना विसंगती वाटते. ही तक्रार दरवेळी श्रद्धेच्या भाषेत येतेच असं नाही. बहुधा ती 'निसर्गा'चं नाव घेऊन येते, आणि मग तिच्यातला भाविकपणा चटकन लक्षात येत नाही. मूळ म्हणणं तेच: ज्याच्यामुळे आपण जगतो तो अपाय कसा करील, आणि त्याच्या नि आपल्या मध्ये आडोसा उभा करणं हा कृतघ्नपणा नाही का? प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण परंपरेकडेच त्याचं उत्तर मागितलं, तर ते तक्रार करणाऱ्यांच्या बाजूने येत नाही.

श्राद्धात छत्री आणि पादत्राणं दान का देतात, असं महाभारताच्या अनुशासनपर्वात युधिष्ठिर भीष्मांना विचारतो. उत्तरादाखल भीष्म जमदग्नीची कथा सांगतात. जमदग्नी बाण सोडतो आहे आणि रेणुका, म्हणजे आपल्या माहूरची रेणुका, ते वेचून आणते आहे. ज्येष्ठातली दुपार. डोकं आणि पाय भाजून निघाले म्हणून ती झाडाखाली क्षणभर थांबते आणि तिला उशीर होतो. कारण कळताच जमदग्नी सूर्यावरच बाण रोखतो. सूर्य ब्राह्मणाच्या वेषात येऊन बाजू मांडतो: मी पाणी शोषतो, तेच पाऊस होऊन परत येतं, पावसातून अन्न होतं. आज निसर्गाच्या नावाने केला जातो तोच हा युक्तिवाद, आणि तो खराही आहे. पण पिकं सूर्यामुळे येतात म्हणून रेणुकेचे पाय भाजायचे थांबत नाहीत. शेवटी सूर्य शरण येतो आणि छत्री नि पादत्राणं स्वतःच्या हाताने देतो. तो आपलं तेज कमी करत नाही आणि त्या तेजाने पोळतं हेही नाकारत नाही. उपकार आणि अपाय एकाच ठिकाणाहून येऊ शकतात, आणि अपायापासून बचाव करणं हा उपकाराचा अपमान नव्हे, एवढं ही कथा मान्य करते.

विज्ञानाने यात मापाची भर घातली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1992 मध्ये सूर्याच्या किरणांना निश्चित कर्करोगकारक ठरवलं. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातल्या नंबूर गावात 1,621 प्रौढांवर एक प्रयोग सुरू झाला. काहींनी साडेचार वर्षं रोज सनस्क्रीन लावलं, बाकीच्यांनी आपल्या मर्जीप्रमाणे. रोज लावणाऱ्यांत त्वचेच्या एका प्रकारच्या कर्करोगाच्या गाठी सुमारे 40 टक्क्यांनी कमी झाल्या, आणि पुढच्या दहा वर्षांत मेलॅनोमा या त्वचेच्या घातक कर्करोगाचं प्रमाणही निम्मं आढळलं. ड जीवनसत्त्वाचा आक्षेप यावर हमखास येतो. ते उन्हानेच तयार होतं, हे बरोबर. पण ऊन लांबलं की त्वचेत तयार झालेला त्याचा कच्चा माल त्याच किरणांनी निकामी संयुगांत बदलू लागतो. दिवसभर उन्हात राहून ड जीवनसत्त्व त्या प्रमाणात वाढत नाही. शरीरसुद्धा सूर्याकडून एका मर्यादेपर्यंतच घेतं.

सगळ्यात वजनदार आक्षेप वेगळाच आहे: हे सगळं गोऱ्या कातडीचं शास्त्र, आपल्याला काय त्याचं? हा मात्र बऱ्याच अंशी मान्य करावा लागतो. नंबूरचे लोक प्रामुख्याने युरोपीय वंशाचे. सावळ्या-काळ्या त्वचेतलं मेलॅनिन स्वतःच किरणं अडवतं आणि भारतात मेलॅनोमा विरळा आहे. खुद्द ऑस्ट्रेलियातल्या तज्ज्ञांनी 2024 मध्ये सर्वांना एकच सल्ला देणं सोडलं. अगदी गडद त्वचेच्या माणसांना रोज सनस्क्रीनची गरज नाही, असं त्यांनी मांडलं. म्हणून सरसकट सगळ्यांना ते लावायला सांगणं हा मला विज्ञानापेक्षा बाजाराचा आग्रह वाटतो. आपल्याकडे तर तो गोरेपणाच्या हव्यासाला चिकटूनच आला. पण यावरून बचावच नको, असा निष्कर्ष निघत नाही. जन्मतः मेलॅनिन नसलेल्या माणसाला टांझानियात तरुणपणीच त्वचेचा कर्करोग गाठतो. चेहऱ्यावर वांग असतील तर ते उन्हाने गडद होतात. माप माणसागणिक बदलतं, इतकंच. सनस्क्रीनमधल्या रसायनांची शंकाही रास्त आहे: काही घटक रक्तात उतरतात हे अमेरिकेत 2019 मध्ये दिसलं, आणि प्रवाळांच्या काळजीपोटी हवाईने 2021 पासून त्यातल्या दोन घटकांच्या विक्रीवर बंदी आणली. रक्तात उतरणं म्हणजे अपाय सिद्ध होणं नव्हे. तरी ज्याला शंका आहे त्याला टोपी आणि सावली आहेच.

आणि सावलीपाशी आलं की भीष्मांच्या कथेतला जो भाग सहसा सुटून जातो तो पुढे येतो. युधिष्ठिराने विचारलं होतं ते दानाबद्दल. स्वतःला कसं राखावं हा त्याचा प्रश्नच नव्हता. आपली सनस्क्रीनची चर्चा मात्र बहुतेक अशा माणसांची आहे, जी ऊन लागलं तर आत जाऊ शकतात. शेतात खुरपणीला बसलेली बाई साडीवर पुरुषी, पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवते आणि डोक्याला फडकं बांधते. बाटलीवरच्या संरक्षणाच्या आकड्यासाठी क्रीमचा जितका थर लागतो, त्याहून माणसं फारच पातळ लावतात; घट्ट विणीचं ते कापड त्यापेक्षा भरवशाचं असतं. तिची खरी अडचण किरणांपेक्षा मजुरीची आहे: दुपारी बारा ते तीन काम थांबवलं तर त्या तासांचे पैसे कोण देणार? रेणुकेलासुद्धा सावलीत थांबल्याचा जाब आधी द्यावा लागला. छत्री नंतर मिळाली.