पुढच्या डाकेची वाट पाहू नका



आगमनकाळ हा वाट पाहण्याचा काळ. वाट पाहणे म्हणजे काय, हे नौसैनिकाच्या घरच्यांना विचारावे. आपल्या वऱ्हाडाला समुद्र नाही. अकोल्याहून मुंबई सहाशे किलोमीटरच्या आसपास. पूर्वी मुंबईची डाक रेल्वेने भुसावळ, अकोला, बडनेरा अशी येई आणि घरची माणसे पोस्टमनकडे डोळे लावून बसत.

डिसेंबर १९७१ मध्ये युद्ध पेटले. नौदलातील माणसाला पत्र पाठवायचे तर पाकिटावर त्याचे नाव, जहाजाचे नाव आणि मुंबईचे फ्लीट मेल ऑफिस एवढाच पत्ता. जहाज बंदरात येईपर्यंत पत्र पडून राही. जहाज कुठे आहे, कुठे निघाले, हे त्यानेही लिहायचे नसे. मग उरे काय? आठवण, आईच्या तब्येतीची काळजी, लग्न ठरलेल्या मुलीला दिलेला शब्द. म्हणजे खरे महत्त्वाचे तेवढेच उरे.

९ डिसेंबरच्या रात्री 'आयएनएस खुकरी' ही आपली युद्धनौका दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानी पाणबुडी 'हंगोर'च्या हल्ल्यात बुडाली. १८ अधिकारी व १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी आपले जीवरक्षक जाकीट दुसऱ्याला दिले आणि जहाज सोडले नाही, असे सांगतात. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळाले.

त्या १९४ जणांच्या घरी आधी आलेले पत्र हेच शेवटचे ठरले. त्यात माया असेल तर ती जन्मभर पुरली असेल. रागाचा शब्द गेला असेल, किंवा पुढे लिहू म्हणून काही राहून गेले असेल, तर ते सुधारायला पुढची डाक नव्हती.

संत पौलानेही समुद्र पाहिला होता. रोमला जाताना त्याचे जहाज फुटले. जहाजावरील २७६ जण वाचले. फिलिप्पैकरांना त्याने पत्र लिहिले ते तुरुंगातून. सुटका होईल की मरण येईल, हे ठाऊक नव्हते. तरी पत्रात तक्रार नाही. तो उपकार मानतो, आनंद करायला सांगतो आणि मंडळीतील दोन स्त्रियांना आपसांत समेट करण्याची विनंती करतो. मरण समोर असताना त्याला हे काम तातडीचे वाटले!

आज आपली मुले पुण्याला, मुंबईला, आखाती देशांत आहेत. फोन खिशातच असतो. पोचलास का, जेवलास का, हे आपण रोज विचारतो. मनातले मात्र राहून जाते. कुठे धुऱ्याच्या वादावरून भाऊ भावाशी बोलत नाही. कुठे नवरा-बायको एका छताखाली राहून अबोला धरतात. आपण म्हणतो, नाताळ झाल्यावर बघू. पण पुढची डाक येईलच, याची खात्री कोणाला आहे?

देवाने आपल्याला नुसता निरोप पाठवला नाही. त्याचा शब्द मानव होऊन आपल्या घरी आला. त्याचे स्वागत करायचे तर या आठवड्यात एक पत्र लिहा, एक फोन करा, किंवा उठून एका दारापर्यंत जा. प्रायश्चित्त संस्कारही घ्या.

हे प्रभो, समुद्रात व सीमेवर असलेल्यांना सांभाळ, त्यांची वाट पाहणाऱ्यांना धीर दे, आणि आमच्या ओठांवर अडलेला प्रेमाचा शब्द आजच बाहेर येऊ दे. आमेन.