श्राद्ध एका परमिट रूमचे

मी दारू पीत नाही, हे आधीच सांगून टाकलेले बरे. नाहीतर पुढचा मजकूर वाचून घरमालक जागा खाली करायला सांगायचे! सीताबर्डीच्या एका गल्लीतली जुनी परमिट रूम परवा पाडली आणि मला चक्क वाईट वाटले. जेवण गेले नाही. हिने विचारले, "काहून, कोणी गेलं का?" आता काय सांगणार, कपाळ?

मोहाच्या फुलांची दारू आमच्या विदर्भातल्या जंगलांना कायद्याच्या पुस्तकांपूर्वीपासून ठाऊक. इंग्रजांनी दारूवर कर बसवला. १९३८ साली मध्यप्रांत-वऱ्हाडच्या काँग्रेस सरकारने दारूबंदीचा कायदा केला. मुंबईचा १९४९ चा कायदाही पुढे आम्हांला लागू झाला. त्यातली वाट म्हणजे परमिट. ते मिळते कशासाठी? तर प्रकृती सांभाळण्यासाठी! म्हणजे परमिट रूममधले सारे रुग्ण आणि वेटर कंपाउंडर. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात गांधीजींच्या पुण्याईने दारूबंदी असल्यामुळे तिकडचेही काही रुग्ण बसने इलाजाला येत.

मी सोडा पिऊन मित्रांचे खारे दाणे संपवीत असे. हायकोर्टातले वकील, रेल्वेतले बाबू, संत्र्यांचे दलाल, सगळे एका टेबलाशी. दुसऱ्या पेगला वेगळा विदर्भ रोज मिळायचा आणि बिल येईपर्यंत हातचा जायचा. आमच्या शेजारचे काका या दरबाराचे राजे. त्यांचे किस्से ऐकून पोट दुखायचे. ते उठू लागले की मीच म्हणायचो, "बसा हो काका, आणखी एक सांगा!" किस्सा एकटा कधी येत नसे, पेग घेऊन येई.

पुढे २०१७ साली महामार्गापासून ५०० मीटरच्या आतली दारूविक्री सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने बंद झाली. काही महिन्यांनी शहरांना मोकळीक मिळाली, पण तोवर आमचा दरबार पांगला होता. काकाही गेले. आता जिकडेतिकडे लाउंज. तिथल्या गाण्यांच्या गोंगाटात वेगळा विदर्भ तर सोडाच, साधे पाणी मागायचे तरी ओरडावे लागते.

हे दुःख मी काकूंपाशी बोलून गेलो. त्या वाटाणे सोलत होत्या. म्हणाल्या, "भाऊ, तिथं खूप हसवायचे म्हणे हे. घरी येईस्तोवर सारं संपून जायचं. पगारही, अन् हसणंही."

मी गप्प. इतकी वर्षे मला वाटे, आपण पीत नाही म्हणजे आपले हात स्वच्छ. पण काकांना तिथे बसवून ठेवत होते कोण? रम, की आमची दाद? ज्या उबेची आठवण काढून मी हळहळत होतो, तिचे सरपण कोणाच्या चुलीतले होते? मग त्या खोलीसाठी रडायचा मला अधिकार तो कितीसा? बरे, ती ऊब खोटी होती म्हणावे, तर तेही जीभ म्हणू देत नाही.

"सांगा ना एखादा त्यांचा किस्सा," काकू म्हणाल्या.

मी बैलबंडीचा सांगितला. काकू इतक्या हसल्या की वाटाणे सांडले. मग पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "उद्या आणखी एक सांगजा."

आता रोज संध्याकाळी जातो. उधारी तीस वर्षांची आहे. किस्से पुरतील की नाही, कोण जाणे.